गाडीचा सेल्फ जपा



चावी फिरवली की जीप सुरू होते. पूर्वी असे नव्हते. हँडल घालून इंजिन हाताने फिरवावे लागे. हँडल उलटे बसले तर हात मोडे. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक मोटारीला विजेचा स्टार्टर बसवला. त्यालाच आपण सेल्फ म्हणतो.

सेल्फ म्हणजे विजेची लहान मोटर. तिच्या टोकाला लहान दातेरी चाक असते. चावी फिरवली की ते पुढे सरकते. इंजिनाच्या मोठ्या चाकाच्या दात्यांत अडकते आणि इंजिन फिरवते. इंजिन सुरू झाले की ते मागे येते. काम क्षणाचे, पण जोर फार लागतो. म्हणून सेल्फ लवकर तापतो.

मग तो बिघडतो कशाने? इंजिन चालू असताना गडबडीत कोणी पुन्हा चावी फिरवतो. कर्रकन आवाज होतो. ते दाते घासतात! गाडी सुरू होईना, म्हणून कोणी चावी धरूनच ठेवतो. मग आतली तार जळते.

तेव्हा दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल मारू नये. मग मिनिटभर थांबावे. दोन-तीनदा करूनही जमले नाही, तर डिझेल आणि बॅटरी पाहावी. बॅटरीच्या तारा स्वच्छ व घट्ट ठेवाव्यात. चावी गाडीत सोडू नये. पोरे खेळतात. गाडी गिअरमध्ये असली तर सेल्फच्या जोराने पुढे उडी घेते. जिवावर बेतते.

रात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे असते. त्या वेळी सेल्फ रुसला तर काय कराल? म्हणून आम्ही सांगतो, इंजिन बोलले की चावी सोडा.