दाढेची भरणी : दर आणि बळ



दंतविभागाच्या खरेदीवर आपण नेहमी विचारता, की स्वस्त सिमेंट असताना महाग साहित्य कशासाठी? आम्ही वाणिज्य शाखेचे; दाताशी आमचा परिचय खातेवहीपुरता. तरीही उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे.

सुपे परिसरात बाजरीची भाकरी, हुरडा, ऊस हे नित्याचे खाणे. जोराने चावताना दाढेवर पन्नास-साठ किलो वजनाइतका भार येऊ शकतो. विल्सन व केंट यांनी इंग्लंडमध्ये शोधलेले आणि १९७२ साली जगापुढे आलेले ग्लास आयोनोमर सिमेंट दाताला आपणहून चिकटते, फ्लोराइड देते. बालकांच्या दुधाच्या दातांना ते उपकारकच. परंतु वाकविणारा ताण त्याला सोसत नाही. चावण्याच्या पृष्ठभागावरील कॉम्पोझिटने किमान ८० मेगापास्कल ताण सोसावा, असे आंतरराष्ट्रीय मानक आहे. साधे सिमेंट सहसा त्याच्या निम्म्यावरही जात नाही. मोठ्या दाढेत ते फुटले, तर मजुराचा रोज दुसऱ्यांदा बुडतो. तो खर्च आमच्या ताळेबंदात दिसत नाही, एवढेच.

जुनी 'चांदी' दाबाला भक्कम खरी. पण तिच्यात सुमारे निम्मा पारा असतो. २०१३ च्या मिनामाता करारानंतर जगभर तिचा वापर कमी होत आहे.

कॉम्पोझिटचे बळ मात्र डबीत विकत मिळत नाही. ते सुमारे दोन मिलिमीटरच्या थरांनी भरून प्रत्येक थर निळ्या प्रकाशाने पक्का करावा लागतो. दिवा मंदावला, तर वरून कठीण दिसणारी भरणी तळाशी कच्ची राहते. लाळ लागली, तर ती दाताला धरत नाही. म्हणून दिव्याची तीव्रता मोजणारे छोटे उपकरण आम्ही खरेदीच्या यादीत अग्रक्रमाने ठेवले आहे.

नातेवाईकांना एक विनंती. रूट कॅनॉल झालेल्या दाढेच्या भिंती किडीने व कोरण्याने पातळ झालेल्या असतात. ठणका थांबला की रुग्ण येईनासा होतो, कॅप राहून जाते. आणि एखाद्या घासाला दाढ उभी चिरते. मुळापर्यंत चिरलेली दाढ बहुधा काढावीच लागते. आधीचा सारा खर्च वाया जातो. देणगीदारांनी यंदा कॅपसाठी स्वतंत्र निधी द्यावा, ही आमची मागणी त्यासाठीच आहे.