दारात हत्ती बांधण्याआधी

आज आम्ही बचत गटातल्या बायका तुमच्याशी बोलणार आहोत एका गाडीबद्दल. तुम्ही म्हणाल, पापड-लोणची सोडून आज गाडी कुठून आली? पण ही गाडी आमच्या गटाच्या वहीत आली, कर्ज म्हणून आली, आणि जाताना आम्हा सगळ्यांना शहाणपण देऊन गेली. ज्या ताईची ही गोष्ट आहे, ती आत्ता आमच्या शेजारीच बसली आहे. तिनेच सांगितले, नाव घेऊ नका, पण सगळे खरे सांगा.

आमचे गाव अलिबाग-मुरूड रस्त्याच्या कडेला. नारळ-सुपारीच्या वाड्या, थोडी भातशेती, आणि आता घरोघरी पाहुण्यांसाठी एखादी-दुसरी खोली. मार्च 2020 मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सुरू झाली आणि मुंबईच्या मोठमोठ्या गाड्या बोटीत बसून इकडे उतरू लागल्या. शनिवार-रविवारी रस्त्यावर त्यांचीच रांग असते. आपली पोरे ते बघतात, आणि त्यांच्याही मनात येते, आपल्याकडे अशी एक असती तर!

ताईचे मिस्टर एका बंगल्याची वाडी सांभाळतात. त्या बंगल्यात अशीच एक गाडी उभी होती. उंच, काळी, सात माणसे आरामात बसतील अशी, 3000 सीसीचे डिझेल इंजिन. वय 11 वर्षे. नवी घेतली तेव्हा पंचवीस लाखांच्या घरात होती, मालक साडेसहा लाखांत द्यायला तयार झाला. ताईचा मुलगा हरखून गेला. म्हणाला, ‘आई, एवढ्या पैशांत नवी छोटी गाडी येते, त्यापेक्षा ही घेऊ. मांडव्याहून पाहुणे आणू, चार पैसे सुटतील.’

तीन लाख घरातली शिल्लक. अडीच लाख ताईच्या चार बांगड्या आणि मोहनमाळ गहाण ठेवून. आणि एक लाख आपल्या गटाचे, दरमहा शेकडा एक रुपया व्याजाने. आम्ही सगळ्यांनी हात वर केले. एकीनेही विचारले नाही की गाडीचे पुढे काय. चूक इथे झाली, आणि ती एकट्या ताईची नाही, आमचीसुद्धा आहे.

आता पहिला हिशेब ऐका. जुन्या महागड्या गाडीची किंमत उतरते, पण तिच्या पार्टची किंमत उतरत नाही. गाडी साडेसहा लाखांची झाली, तरी तिचा टायर, तिचा इंजेक्टर, तिचा टर्बो हा पंचवीस लाखांच्या गाडीचाच राहतो. लहान गाडीला ऑइल लागते तीन-साडेतीन लिटर, हिला सात लिटरच्या आसपास. म्हातारा हत्ती स्वस्तात मिळाला, म्हणून तो चारा कमी खात नाही!

गाडी बंगल्यात नुसती उभी असायची. मुलाला वाटले, कमी चाललीय, म्हणजे चांगली असणार. तसे नसते. उभ्या गाडीची बॅटरी बसते, वायरी उंदीर कुरतडतात, रबरी भाग कडक होतात. टायरवर नक्षी छान दिसत होती, पण टायर म्हातारे होते. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. म्हणजे 2314 असेल तर टायर 2014 सालच्या 23 व्या आठवड्यातला. हे आम्हाला तेव्हा माहीत असते, तर चार टायरचे 54 हजार आधीच किमतीतून वजा करून मागितले असते.

दुसरा घात केला आपल्या खाऱ्या वाऱ्याने. विळी, कोयता, खिडकीचे गज, सगळे आपल्याकडे लवकर गंजते, हे आपल्याला सांगायला नको. गाडीचेही तसेच, फक्त गंज दिसतो खालून. वरून रंग चकचकीत, आणि खाली ब्रेकच्या नळ्या पोखरलेल्या. त्यात पाहुण्यांच्या हट्टापायी मुलाने दोनदा गाडी पुळणीवर नेली. भरतीच्या पाण्यात अडकलेल्या गाड्या आपण दर मोसमात बघतो. पण जी अडकत नाही, तिच्याही पोटाला खारे पाणी लागतेच. गोड्या पाण्याने खालून धुतली नाही, तर मीठ आपले काम करत राहते.

सोळा महिन्यांत काय खर्च झाला, ते वहीतून वाचतो. पहिले सर्व्हिसिंग, फिल्टर आणि बॅटरी, 38 हजार. टायर, 54 हजार. टर्बो आणि इंजेक्टर, 96 हजार. खालचा गंज आणि ब्रेकच्या नळ्या, 24 हजार. बेरीज 2 लाख 12 हजार. यात डिझेल नाही.

डिझेलचे वेगळे सांगतो. ही गाडी आमच्या रस्त्यावर लिटरला 9 किलोमीटर जायची. महिन्याला 1000 किलोमीटर फिरली तर 111 लिटर डिझेल. लिटरला 90 रुपये धरले तर 10 हजार. 18 किलोमीटर देणारी छोटी गाडी तेच अंतर 5 हजारांत जाते. विमाही इंजिनाच्या मापाने लागतो. नुसता थर्ड पार्टी विमा, म्हणजे आपल्यामुळे दुसऱ्याचे नुकसान झाले तर भरपाई देणारा, त्याचा दर सरकारने जून 2022 पासून असा ठरवला: 1000 सीसीपर्यंत 2,094 रुपये, 1500 पर्यंत 3,416 आणि त्याच्यावर 7,897. वर कर वेगळा.

मग म्हणाल, पाहुण्यांचे भाडे येत होते ना? आले, तीन महिने आले. मग एके दिवशी मांडव्याच्या रस्त्यावर गाडी अडवली. पांढरी नंबर प्लेट, म्हणजे खाजगी गाडी. तिच्यातून पैसे घेऊन माणसे नेता येत नाहीत. त्याला पिवळी पाटी लागते, परमिट लागते, विमा वेगळा लागतो. दंड भरला तो भरलाच. पण आमच्या काळजात धस्स झाले ते दुसऱ्याच गोष्टीने. त्या तीन महिन्यांत अपघात झाला असता, तर खाजगी म्हणून काढलेल्या विम्याने हात वर केले असते. पाहुण्याच्या दवाखान्याचा खर्च कुणाच्या माथी? घर विकायची पाळी आली असती.

गाडीला नुसती नावे ठेवायला आम्ही बसलेलो नाही. जुलैमधल्या एका रात्री ताईच्या सुनेला कळा सुरू झाल्या. पाऊस कोसळत होता, रस्त्यात हे एवढाले खड्डे, रिक्षावाला यायला तयार होईना. त्या गाडीने तिला अलिबागला नीट पोहोचवले. मागच्या सीटवर आमच्यातल्या दोघी बसल्या होत्या, आम्हाला माहीत आहे त्या रात्री गाडीची किंमत काय होती. नात आता दीड वर्षाची आहे. म्हणून ताई त्या गाडीला शिवी देत नाही आणि आम्हीही देत नाही. गाडी वाईट नव्हती. आमच्या मिळकतीला ती झेपणारी नव्हती.

शेवटी सोळा महिन्यांनी गाडी 4 लाख 10 हजारांना गेली. घेतली साडेसहाला, म्हणजे 2 लाख 40 हजार तिथे गेले. दुरुस्तीचे 2 लाख 12 हजार. दोन्ही मिळून 4 लाख 52 हजार. सोळा महिन्यांनी भागा. महिन्याला 28 हजारांच्या वर, डिझेल आणि विमा सोडून!

आणि सगळ्यात बोचणारी गोष्ट. कर्ज होते आईच्या नावावर, सोने आईचे, गटात हप्ता चुकला की मान खाली जायची आईची. आणि आरसी बुकावर नाव मुलाचे. गाडी विकायची असे ताई सहा महिने म्हणत होती, पण सही तिची चालत नव्हती. पोरगा वाईट नाही, पण त्याचा जीव गाडीत अडकला होता. शेवटी आम्ही पाचजणी संध्याकाळी त्यांच्या ओटीवर जाऊन बसलो. भांडायला नाही, वही घेऊन. त्याच्यासमोर बेरीज त्यालाच करायला लावली. बराच वेळ तो गप्प बसला. मग म्हणाला, ‘काकी, गिऱ्हाईक बघा.’

आलेल्या पैशांतून आधी गटाची बाकी फिटली, मग ताईच्या भावाकडून दुरुस्तीसाठी घेतलेले एक लाख. बांगड्या सुटल्या. मोहनमाळ अजून सुटायची आहे. मुलगा आता दुसऱ्याची पिवळ्या पाटीची गाडी पगारावर चालवतो आणि दर महिन्याला आईच्या हातात पैसे ठेवतो, माळेसाठी.

तेव्हापासून आमच्या गटात गाडीसाठी कर्ज मागितले, की आम्ही आधी काही गोष्टी बघतो. तुम्हीही लिहून घ्या.

एक. कागद. एम-परिवहन ॲपवर गाडीचा नंबर टाकला, की गाडी कधीची, मालक कितवा, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत, ते दिसते. दंडाची चलने बाकी आहेत का, तेही ऑनलाइन बघता येते. आरसीवर बँकेचा बोजा असेल, तर बँकेचे पत्र आणि फॉर्म 35 आल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. नाव बदलायला फॉर्म 29 आणि 30 लागतात.

दोन. वय. खाजगी गाडीचे पासिंग 15 वर्षांचे असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी. त्याची फी एप्रिल 2022 पासून 600 रुपयांवरून 5000 झाली, शिवाय पर्यावरण कर.

तीन. गाडी कुठून आली. दिल्लीत 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्या चालवायला 2015 मध्ये हरित लवादाने मनाई केली. तेव्हापासून तिकडच्या मोठ्या गाड्या स्वस्तात बाहेर येतात. पण आपल्याकडे आणायची तर तिकडची एनओसी लागते आणि इथला कर भरावा लागतो. तो धरला, की स्वस्ताई बरीचशी उडून जाते.

चार. पाण्यात बुडालेली तर नाही? 22 जुलै 2021 चा महाडचा पूर आपण विसरलेलो नाही. पुरात बुडालेली गाडी धुवून-पुसून विकता येते. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला चिखलाचा डाग राहतो. सीटखालची चटई उचलून वास घ्या.

पाच. पार्ट मिळतात का? फोर्ड कंपनीने सप्टेंबर 2021 मध्ये भारतात गाड्या बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले. पजेरोही आता नवी मिळत नाही. अशी गाडी घेण्याआधी आपल्या मेस्त्रीला विचारा, पार्ट कुठून आणणार आणि किती दिवसांत. आणि गाडी उचलून खालून बघायला त्यालाच न्या. त्याची मजुरी हजार-दोन हजार झाली, तरी द्या.

सहा. बाजूला किती ठेवले? आमचा नियम असा, जुनी मोठी गाडी असेल तर किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी रक्कम दुरुस्तीसाठी वेगळी हवी. ती नसेल, तर कर्ज नाही.

आणि सात. जिच्या नावावर कर्ज, तिचे नाव आरसी बुकावर. यात आम्ही आता ऐकत नाही. कुणाचा मुलगा असो, नवरा असो, दीर असो.

घरात मोठ्या गाडीची बोलणी चालू असतील, तर रागावू नका. वही काढा आणि पोरालाच बेरीज करायला बसवा. ताई सांगते आहे, दिवाळीपर्यंत माळ सोडवायची. सुटली, की त्याच दिवशी गटाची बैठक तिच्या ओटीवर. तेव्हा पुन्हा बोलू. नमस्कार.