विजयमाला न लाभलेले वीर

क्रिकेटमध्यें एखादा फलंदाज दिवसभर पाय रोवून उभा राहिला तर सामन्याचा रंग तो एकटा पालटूं शकतो. अमेरिकेच्या बेसबॉलमध्यें ही सोय नाहीं. तेथें नऊ गड्यांनीं क्रमानें फळी हातीं घ्यावयाची. एकाची पाळी संपली कीं पुढील आठांची होईपर्यंत त्यानें वाट पाहावयाची. एका सामन्यांत अशा चार-पांच पाळ्या मिळाल्या म्हणजे पुष्कळ. त्यांतून स्वतःच्याच संघाचा चेंडू फेकणारा गडी दुबळा असला तर उत्तम टोलेबाजाचें कसबहि वायां जातें. त्या देशांतील कित्येक थोर खेळाडू 'वर्ल्ड सीरीज' या अजिंक्यपदाविना निवृत्त झाले, याचें मूळ बव्हंशीं खेळाच्या या रचनेंतच आहे.

डेट्रॉइटचा टाय कॉब १९०७ ते १९०९ अशीं लागोपाठ तीन वर्षें अंतिम मालिकेंत उतरला आणि तिन्ही वेळां हरला. बोस्टनच्या टेड विल्यम्सची कथा याहून चटका लावणारी. १९४१ च्या हंगामाच्या अखेरच्या दिवशीं त्याची सरासरी हजारीं ३९९.५५ होती; तो स्वस्थ बसता तरी ती ४०० च धरली गेली असती. पण त्या दिवशींचे दोन्ही सामने तो खेळला, आठांपैकीं सहा वेळां यशस्वी टोला मारला आणि सरासरी ४०६ वर नेली. हाच विल्यम्स १९४६ सालीं, आयुष्यांत एकदांच, अंतिम मालिका खेळला. मालिकेपूर्वीं सरावाच्या सामन्यांत त्याच्या कोंपराला चेंडू लागला होता. पंचवीस संधींत अवघे पांच टोले! सेंट लुईसनें ती मालिका चारास तीन अशी जिंकली.

शिकागो कब्सच्या अर्नी बँक्सला तर हरण्यापुरताहि तेथें प्रवेश मिळाला नाहीं. टेक्सासमधील डॅलस येथें १९३१ सालीं जन्मलेला हा तरुण १९५३ च्या सप्टेंबरांत कब्सचा पहिला कृष्णवर्णी खेळाडू म्हणून मैदानांत उतरला. १९५८ व १९५९ अशीं दोन्ही वर्षें आपल्या लीगमधील सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून त्याची निवड झाली. श्रोत्यांना नवल वाटेल, पण त्या दोन्ही वर्षीं त्याच्या संघाचे पराजय विजयांपेक्षां अधिक होते! पहिल्या वर्षीं त्यानें एकट्यानें ४७ होम रन काढले होते.

मग त्यानें दुसरा संघ कां गांठला नाहीं? त्या काळीं करारांतील 'रिझर्व्ह' कलमानें खेळाडू एकाच मालकाशीं जखडलेला असे. हें कलम लवादाच्या निर्णयानें १९७५ च्या अखेरीस मोडलें. बँक्स १९७१ मध्येंच निवृत्त झाला होता. त्याच्या निष्ठेचे गोडवे गातांना ही बेडी विसरणें बरें नव्हे.

एकदां मात्र घांस ओठांशीं आला. १९६९ सालीं, वयाच्या अडतिसाव्या वर्षीं, बँक्स हिरीरीनें खेळत होता आणि ऑगस्टच्या मध्यास न्यूयॉर्क मेट्स कब्सच्या सुमारें नऊ-दहा सामने मागें होते. पुढें चक्र फिरलें. शिकागोच्या मैदानावर दिवे नव्हते (ते १९८८ मध्यें आले), त्यामुळें घरचा प्रत्येक सामना भर उन्हांत होई. खेळाडू त्यानेंच थकले, असें पुष्कळांचें मत. मेट्सची चेंडूफेकहि असामान्य होती, हें विसरून चालणार नाहीं. हंगाम संपला तेव्हां मेट्सचे १०० विजय होते, कब्सचे ९२. मेट्सनीं पुढें अजिंक्यपदहि पटकावलें.

बँक्सच्या नांवावर ५१२ होम रन व २,५२८ सामने आहेत. त्यांतील एकहि सामना साखळीपलीकडचा नाहीं. तरीहि, हवा चांगली आहे, आज एकाऐवजीं दोन सामने खेळूं या, असें म्हणणारा आनंदी माणूस हीच त्याची ख्याति राहिली. २०१५ च्या जानेवारींत तो वारला. १९०८ नंतर कब्सना अजिंक्यपद मिळालें तें २०१६ च्या नोव्हेंबरांत. त्याच्या चौदा या आंकड्याचें निशाण त्या वर्षीं शिकागोच्या मैदानांत डाव्या बाजूच्या खांबावर फडकत होतें.