परसातला विस्तव

मला इथं कवितेवर बोल म्हणून उभं केलंय. मी डुकराच्या बरगड्यांवर बोलणार आहे. ज्यांना किळस येईल त्यांनी दाराजवळ बसावं, वारा तिकडूनच येतो.

बॉबी सील हे नाव तुम्हाला ठाऊक आहे. १९६६ साली ओकलंडमध्ये त्यानं आणि ह्यू न्यूटननं ब्लॅक पँथर पार्टी काढली. तिच्यावरूनच १९७२ साली मुंबईत आपल्या थोरल्यांनी नाव घेतलं. या सीलनं १९८८ साली पुस्तक काढलं ते बार्बेक्यूचं. मांस कसं भाजावं याचं! आपल्यातलेच काही शहाणे हसतात. म्हणतात, पँथर म्हातारा झाला, चुलीपाशी जाऊन बसला. अरे, तो चुलीपाशी होताच की. १९६९ च्या जानेवारीत याच पार्टीनं ओकलंडच्या एका चर्चमध्ये गरीब पोरांना शाळेआधी फुकट नाश्ता द्यायला सुरुवात केली होती.

आता बरगड्या. पोटाकडची पट्टी घ्यायची. हाड फार, मांस थोडं. हाडाच्या बाजूला पातळ पडदा चिकटलेला असतो, तो फडक्यात धरून ओढून काढायचा, नाहीतर दाताखाली चामडं येतं. मीठ, मिरपूड, लाल तिखट, साखर चोळायची. आणि मुख्य गोष्ट ही, की निखारे मांसाखाली नाही घालायचे. निखारे एका बाजूला, मांस दुसऱ्या बाजूला, वर झाकण. आतला ताव ११० ते १२० अंश सेल्सिअस. खालची-वरची भोकं कमीजास्त करून हवा सांभाळायची. हवा वाढली की विस्तव भडकतो. निखाऱ्यावर हिकरीच्या लाकडाचा तुकडा टाकला की त्याचा धूर मांसाला लागतो. असे पाच-सहा तास. त्यातले चिवट धागे हळूहळू विरघळतात, मांस मऊ पडतं. चिमट्यानं पट्टी एका टोकाला उचलली, ती वाकली आणि वरचं मांस तडकलं, की झालं. सॉस शेवटच्या अर्ध्या तासात. त्यात साखर असते, आधी लावला तर जळून कडू होतो. काहीजण बरगड्या आधी पाण्यात उकळून घेतात. त्यांनी सूपच प्यावं.

शेगडीचीही गंमत आहे. गोदीत काम करणाऱ्यांना बोया सांगायला नको. शिकागोकडच्या एका पत्र्याच्या कारखान्यात बोये बनायचे. तिथल्या जॉर्ज स्टीफननं १९५२ साली बोया मधोमध कापला. खालचा अर्धा शेगडी, वरचा अर्धा झाकण, खाली तीन पाय. अमेरिकेच्या परसापरसात दिसते ती गोल शेगडी हीच. ती नसली तरी तेलाचं पिंप उभं कापा, तेच काम होतं.

पण परस कुणाचं?

दक्षिणेत मळेवाल्यांच्या मेजवान्यांना जमिनीत खड्डा खणून, रात्रभर निखारे सारून अख्खं डुक्कर भाजणारे हात गुलामांचे होते. त्यांची नातवंडं-पणतवंडं विसाव्या शतकात उत्तरेला, पश्चिमेला गेली. दुसऱ्या महायुद्धात ओकलंडच्या बाजूला जहाजं बांधायच्या कामाला लागली. हुन्नर बरोबर नेला. युद्ध संपल्यावर हजारो घरं उठली, घरामागं हिरवळ, हिरवळीवर शेगडी. न्यूयॉर्कजवळ १९४७ साली लेविटाउन उभं राहिलं, त्याच्या करारात कलम होतं: गोऱ्यांखेरीज कुणी या घरात राहायचं नाही. घरकामाचे नोकर मात्र चालतील! म्हणजे मांस भाजायला ये, खायला बसू नको. १९५७ साली पेनसिल्व्हेनियातल्या लेविटाउनमध्ये मायर्स नावाचं काळं कुटुंब राहायला गेलं, तर घरासमोर जमाव जमला, दगड मारून काचा फोडल्या.

हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही. मुंबईत खोली भाड्यानं बघायला जा. भाड्याचं नंतर, आधी विचारतात, खाता काय? जातीचा दाखला पातेल्यातून मागतात, एवढंच. शाहू पाटोळ्यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातल्या महार-मांगांचं जेवण नोंदवलं. एरवी मराठी पाककृतींच्या पुस्तकांत आपलं पातेलं शोधून सापडत नाही.

आणि हे जुनं झालं असं कुणी म्हणू नये. २९ एप्रिल २०१८. ओकलंडच, पँथरचं गाव. लेक मेरिट तळ्याकाठी काही काळी माणसं शेगडी पेटवून बसली होती. एका गोऱ्या बाईनं पोलिसांना फोन लावला: इथं कोळशाच्या शेगडीला परवानगी नाही. पोलीस आले. अटक कुणाला झाली नाही. पुढच्या महिन्यात त्याच तळ्याकाठी शेकडो काळी माणसं शेगड्या, खाणं आणि गाणी घेऊन जमली. धूर दडवायच्या भानगडीत कुणी पडलं नाही.

तर पुढच्या रविवारी आपण करू. अर्धं पिंप मी कापून ठेवलंय, मांसही मी आणतो. कोळसा तुम्ही बघा. जागा अजून मिळालेली नाही.