नांगर, ब्लोअर आणि आपला बॅकलॉग

आज युझर रिसर्चवर बोलायचंय, पण सुरुवात नांगरापासून करू.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर बनवला. माल उत्तम, पण घेणार कोण? लोखंडानं जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले मोजके नांगर खपायला दोन वर्षं लागली असं सांगतात. ही अडचण कुठल्या ड्रॉइंगवर दिसणार होती? ती बांधावरच कळते. पुढं १९१० मध्ये औंधच्या राजेसाहेबांनी दिलेल्या जागेवर, कुंडल रोड स्टेशनजवळच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. १९२० ला शंकरराव किर्लोस्करांनी 'किर्लोस्कर खबर' सुरू केलं. कारखान्याची खबर गिऱ्हाइकापर्यंत पोचू लागली.

मला उलट्या खबरेबद्दल बोलायचंय. गिऱ्हाइकाकडून कोड लिहिणाऱ्याकडं येणारी.

आमची टीम द्राक्षबागायतदारांसाठी फवारणीचं ॲप करत होती. रिसर्चर तासगाव भागात फिरून आली. तिच्या चाळीस स्लाइडच्या डेकमध्ये एक ओळ होती: 'युनिट्सबद्दल गोंधळ, प्रायॉरिटी मध्यम.' अशी ओळ बॅकलॉगमध्ये सुखानं म्हातारी होते, खरं सांगतो.

मग तिनं स्टँडअपला एक मिनिटाची ऑडिओ क्लिप लावली. परवानगी घेऊन रेकॉर्ड केलेली, नाव काढलेलं. काका म्हणत होते, "हे हेक्टरचं आमाला काय कळंना. आमी टाकीवर मोजतो." पाठीमागं ट्रॅक्टरचा आवाज. लेबलवर हेक्टरी डोस, बाग एकरात, औषध ब्लोअरच्या टाकीत. एक हेक्टर म्हणजे अडीच एकराला थोडं कमी. हेक्टरचा डोस एकराला पडला तर अडीचपट औषध, मग रेसिड्यू, मग एक्स्पोर्टचा माल अडकणार. उलट चुकलं तर डोस कमी आणि ढगाळ हवेत डाऊनी घड खाणार. वर्षाची कमाई आहे ती.

कुणीच काही बोललं नाही. बॅकएंडवाल्यानं पहिला प्रश्न विचारला, "टाकी किती लिटरची?" डेक वाचून हा प्रश्न कुणालाच पडला नव्हता. माझ्या मते रिसर्च पोचला की नाही, ते इंजिनिअरच्या पुढच्या प्रश्नावरून ओळखायचं. डेक किती जणांनी उघडला, तो आकडा सोडून द्या.

आता प्रत्येक तिकिटाला क्लिपची लिंक असते, आणि दर भेटीला एक इंजिनिअर सोबत जातो. तिथं त्यानं फक्त ऐकायचं, ॲप समजावून सांगायचं नाही. (हे आम्हाला फार जड जातं!) एकर आणि टाकी हे पर्याय त्याच स्प्रिंटमध्ये आले. टाकीचे लिटर मात्र आधी विचारतो. कुणाची सहाशेची, कुणाची हजारची.