परतीचं तिकीट
(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात एका सभासद भगिनीने केलेले भाषण. बोलल्या तसेच, थोडे आवरून येथे दिले आहे.)



मला भाषणाची सवय नाही. घरी शिलाई मशीन चालवणारी बाई मी. सचिवांनी सांगितलं, "वहिनी, तुम्ही पोरीच्या आजाराबद्दल बोला." मी दोनदा नाही म्हटलं. मग पोरगीच म्हणाली, "बोल ना आई, मला काय लाज आहे?" म्हणून उभी आहे. माणसांची नावं मात्र घेणार नाही. पंचवीस घेतली तर सव्विसावं राहून जाईल आणि ते मला रात्री झोपू देणार नाही.

2015 ची गोष्ट. पोरगी पाच वर्षांची, अंगणवाडी सोडून पहिलीत जायच्या बेतात. जुलैपासून ताप यायचा, जायचा. आपल्या भागात ताप म्हणजे मलेरिया. औषध झालं. मग पाय दुखतात म्हणायला लागली, चेहरा पांढरा पडला. अंग दुखते, रक्त कमी आहे, म्हणजे सिकलसेल असेल, असं कुणी म्हणालं. आपल्याकडे सिकलसेल घरोघरी ऐकलेलं, त्यामुळे आम्हालाही पटलं. तपासणी केली, निघाला नाही. मग रक्तवाढीच्या औषधाच्या दोन बाटल्या संपल्या. कुणाचं नाव घेत नाही, आणि रागही धरत नाही. पण अडीच महिन्यांत साधी रक्ताची पूर्ण तपासणी, ती सीबीसी म्हणतात ती, एकदाही झाली नव्हती. आम्हीही विचारलं नाही.

सप्टेंबरात तान्हा पोळा आला. सगळी लेकरं आपापले लाकडी बैल सजवून मंदिरासमोर. आमचीही बैल घेऊन निघाली आणि गल्लीच्या वळणावर खाली बसली. उठेच ना. मांडीवर निळे डाग दिसले, कुठं पडली-झडली नव्हती. दुसऱ्या दिवशी ब्रह्मपुरीला रक्त दिलं. संध्याकाळी रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरांनी चहासुद्धा विचारला नाही, म्हणाले, "आताच्या आता नागपूरला निघा."

छोट्या लाईनच्या गाडीने नागपूर म्हणजे अर्धा दिवस जायचा. (ती गाडी 2019 मध्ये ब्रॉडगेजच्या कामासाठी बंद झाली, नव्या मुलांना तिचं कौतुक माहीत नाही.) आपल्यातल्याच एकांनी जीप काढली. भाडं विचारलं तर म्हणाले, "डिझेलचं नंतर पाहू." ते नंतर अजून आलं नाही. नागपूरला हाडातला मगज काढून तपासला आणि नाव सांगितलं, अ‍ॅक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया. रक्ताचा कॅन्सर. मुलांमध्ये जो कॅन्सर सगळ्यात जास्त दिसतो तो हाच, असं नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त शेवटचा शब्द ऐकू आला.

प्लेटलेट इतक्या कमी होत्या की आधी त्या चढवल्याशिवाय पुढे हलवता येणार नव्हतं. प्लेटलेट पाच दिवसांच्या वर टिकत नाहीत, त्या साठवून ठेवता येत नाहीत, ताजा रक्तदाता लागतो. रात्री नऊला फोन केला आणि पहाटे आपली चार पोरं नागपूरच्या रक्तपेढीच्या पायरीवर बसलेली. त्यातल्या एकाशी आमचं नाल्याच्या पाण्यावरून भांडण होतं, बोलणं बंद होतं. तो रक्त देऊन, बिस्किट खाऊन, माझ्याशी न बोलताच परत गेला. आता बोलतो.

चार दिवसांनी गणपती बसणार होते. संस्थेच्या पैशातून मदत द्यावी असं काहींनी सुचवलं. तेव्हाच्या सचिवांनी साफ सांगितलं की पोटनियमात बसत नाही, उद्या कोणी हरकत घेतली तर उत्तर काय देऊ? मला तेव्हा त्यांचा फार राग आला होता. पण त्याच माणसाने सांजेला वही हातात घेऊन घरोघर फिरून वेगळी वर्गणी गोळा केली, आणि त्या वर्षी गणपतीत ऑर्केस्ट्राही नाही, महाप्रसादही नाही. मुलं हिरमुसली असतील. त्या मुलांपैकी काही आज इथं मोठी होऊन बसली आहेत, त्यांची माफी मागते.

नागपूरच्या डॉक्टरांनी मुंबईला टाटाला जायला सांगितलं. तेव्हा जामठ्याचं मोठं कॅन्सर हॉस्पिटल सुरू झालं नव्हतं, आता आहे. त्यामुळे आज कुणावर वेळ आली तर आधी नागपुरातच चौकशी करा, उगाच आमच्यासारखं आठशे किलोमीटर धावू नका. आम्ही विदर्भ एक्स्प्रेसने गेलो. परळचं टाटा हॉस्पिटल 1941 पासूनचं. बाहेर फूटपाथवर देशभरातली माणसं पिशव्या उशाशी घेऊन झोपलेली. मी ते पाहिलं आणि पोरीच्या डोळ्यांवर पदर धरला.

राहायला दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली. बाबा आपल्या विदर्भातले, अमरावतीकडचे. परक्या शहरात भिंतीवर त्यांचा फोटो दिसला तेव्हा मी पहिल्यांदा रडले. पुढे सेंट ज्यूड म्हणून संस्था आहे, 2006 मध्ये मुंबईत सुरू झालेली, त्यांच्याकडे खोली मिळाली. कॅन्सरच्या उपचारासाठी आलेल्या लहान मुलांना आणि आईबापाला ते फुकट ठेवतात. स्वयंपाक आपला आपण करायचा. शेगडीला शेगडी लागून बिहारची, बंगालची, जळगावची बाई. भाषा येत नव्हती, पण कुणाच्या लेकराच्या पेशी वाढल्या आणि कुणाच्या कमी झाल्या ते फोडणीच्या आवाजावरून कळायचं.

उपचाराचं थोडक्यात सांगते. पहिला महिना कडक. स्टिरॉइडच्या गोळ्या, शिरेतून औषधं, आणि पाठीच्या कण्यात इंजेक्शन, कारण शिरेतलं औषध मेंदूपर्यंत पुरेसं पोचत नाही. गोळ्यांनी भूक अशी की रात्री दोन वाजता पोरगी वरणभात मागायची. चेहरा फुगला, केस गेले, स्वभाव चिडका. पांढऱ्या पेशी खाली गेल्या की साधा तापही घातक. थर्मामीटर शंभरच्या वर गेला की सकाळची वाट पाहायची नाही, तसंच उठून कॅज्युअल्टीत. पाणी उकळलेलं, कच्चं काही नाही, पेरू नाही, काकडी नाही. महिन्याने मगज पुन्हा तपासला. डॉक्टर म्हणाले, कॅन्सरच्या पेशी दिसत नाहीत.

आता जे सांगते ते सांगायला मला जड जातं.

दिवाळीला चार दिवस सुट्टी मिळाली आणि आम्ही नागभीडला आलो. पोरगी हसत होती, पायऱ्या चढत होती. मिलमध्ये धानाचा सीझन, मालक मालकांना (म्हणजे आमच्या यांना) किती दिवस सुट्टी देणार? कर्ज झालेलं. थोरला मुलगा नऊ वर्षांचा, दीड महिना आईविना. त्यात एका नातेवाइकाने गडचिरोलीकडच्या झाडपाल्याच्या औषधाचं सांगितलं. रांगा लागतात म्हणे. आम्ही दोघांनी रात्री बसून ठरवलं, आता पेशी दिसत नाहीत ना, मग कशाला ते विष? मुंबईला जायचं नाही. तिकीट रद्द केलं.

कुणाला सांगितलं नव्हतं. पण समोरच्या प्लॉटमधले रेल्वेतून निवृत्त झालेले काका, ते आज आपल्यात नाहीत, त्यांनीच ते तिकीट काढून दिलेलं. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ते फाटकाशी आले. "सूनबाई, परतीचं तिकीट कधीचं हाय?" मी काही बोलले नाही. त्यांना कळलं. ओसरीवर बसले आणि म्हणाले, "बांधीत निंदण एकदा केलं म्हणजे तण मेलं का? वरून दिसत नाही, मुळी खाली असते. दुसरं निंदण नाही केलं त धान जाते." आमचे हे म्हणाले, "काका, मिलची नोकरी जाईल." काका म्हणाले, "ते मी पाहतो." आणि त्याच रात्री आमच्या ओसरीवर पाच-सहा घरं जमली. एकीने थोरल्याचा डबा आणि शाळा घेतली. एकाने मिलमालकाशी बोलायचं घेतलं. दुसऱ्या एकाने रेल्वेच्या सवलतीचा फॉर्म पुन्हा भरला. कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपरचं तिकीट पूर्ण माफ असतं आणि सोबतच्या एकाला पंचाहत्तर टक्के सूट, हे आम्हाला काकांनीच सांगितलं होतं. तीन दिवसांनी आम्ही गाडीत होतो.

मुंबईत मी भीत भीत हे सगळं समाजसेविकाताईंना सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, असं रोज होतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की श्रीमंत देशांत कॅन्सरची शंभरातली ऐंशीहून जास्त मुलं बरी होतात आणि गरीब देशांत तीससुद्धा होत नाहीत. ओळखायला उशीर, चुकीचं निदान, उपचार न परवडणं आणि उपचार अर्धे सोडणं, ही त्याची मोठी कारणं. यातली बहुतेक आमच्या एकाच घरात होऊन गेली होती.

खर्चाचा मोठा भाग सरकारी योजनेतून झाला. तेव्हा तिचं नाव राजीव गांधी जीवनदायी होतं, आता महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. तेव्हा दीड लाखाची मर्यादा होती, आता पाच लाखांची. रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव एकसारखं आहे का, ते आज घरी जाऊन पाहा. आमच्याकडे एका वेलांटीसाठी दोन दिवस गेले.

पुढची दोन वर्षं गोळ्यांची. घरीच. एक गोळी रोज रात्री आणि दुसरी, मेथोट्रेक्सेट, आठवड्यातून एकदाच. ती चुकून रोज दिली तर जिवावर बेतते. मेडिकल चालवणाऱ्या आपल्या दादांनी कालनिर्णयवर दर रविवारी लाल गोल काढून दिला. ते कालनिर्णय अजून माझ्याकडे आहेत. मेथोट्रेक्सेट ज्यांच्या हाताखाली तयार झालं ते येल्लाप्रगडा सुब्बाराव म्हणजे आंध्रातले, हे मला थोरल्याने सांगितलं. तो आता फार्मसी शिकतो. त्यानेच सांगितलं की शिरेतून द्यायचं व्हिन्क्रिस्टिन सदाफुलीपासून मिळतं. आपल्या प्रत्येक फाटकाशी जी गुलाबी-पांढरी फुलं आहेत ती. पण म्हणून कुणी पानं चावू नका, ती विषारी असतात. औषध व्हायला कारखान्यात त्याचं फार काही करावं लागतं.

सगळंच गोड झालं असं नाही. एका घरातून त्यांच्या मुलीला आमच्या अंगणात यायची बंदी होती, कारण "तो रोग लागते". कॅन्सर लागत नाही हो. उलट आमच्या पोरीला बाकीच्यांचं लागायचं. एका शाळेने टक्कल असलेली मुलगी बाकीची मुलं घाबरतील म्हणून थांबा म्हटलं. आम्ही थांबलो नाही, दुसऱ्या शाळेत घातली.

आणि 2017 च्या उन्हाळ्यात लेआऊटमध्ये कांजिण्या निघाल्या. आपल्याकडे ते लोक सांगत नाहीत, माता आली म्हणतात, दाराला कडुनिंब लावतात, घरातल्या घरात ठेवतात. ज्या वहिनींच्या मुलाला पहिल्यांदा फोड दिसले त्या भर दुपारी आमच्या फाटकाच्या बाहेर उभ्या राहून ओरडल्या, "माझ्या पोराले निघाल्या हाय, काल तुमची पोरगी त्याच्यासंगं खेळली, मुंबईले फोन लावा!" अंगावरचा पदरसुद्धा सावरला नव्हता. मी लगेच फोन केला, त्याच दिवशी औषध सुरू झालं. पेशी कमी असलेल्या मुलाला कांजिण्या फुप्फुसापर्यंत जाऊ शकतात. त्या वहिनींना हे माहीत नव्हतं. लपवायचं नाही एवढंच माहीत होतं.

2018 च्या मार्चमध्ये गोळ्या बंद झाल्या. आता वर्षातून एकदा टाटाला जातो. उपचार संपलेल्या मुलांसाठी तिथे वेगळी ओपीडी आहे. बरी झालेली मोठी मुलं भेटतात, त्यांचा "उगम" नावाचा गट आहे, कुणी नोकरीला, कुणाचं लग्न झालेलं. पोरगी यंदा दहावीला आहे. गणितात कच्ची आहे, ते आजारामुळे की आमच्यावर गेली, देव जाणे.

थोरल्याबद्दल एक सांगायचं राहिलं. मागच्या वर्षी तो सहज म्हणाला, "त्या दोन वर्षांत माझा एकही वाढदिवस घरी झाला नाही, माहीत आहे तुला?" मला माहीत नव्हतं. शेजारच्या काकूंनी दोन्ही वेळा केला होता. काकूंना मी हे विचारलं, तर म्हणाल्या, "एकदा शिरा केला होता, एकदा भजे. तो भजेच मागे." आजाऱ्याच्या घरात दुसरंही एक लेकरू असतं, हे मला फार उशिरा दिसलं.

लक्षणं मात्र सांगून ठेवते, आईबापांनी ऐका. बरा न होणारा ताप, चेहरा पांढरा पडणं, न लागता पडलेले निळे डाग, रात्री उठवणारी हाडदुखी, लंगडणं, मानेत-काखेत-पोटात गाठ, आणि फोटोत डोळ्याच्या बाहुलीत पांढरी चमक. यातलं काही दिसलं म्हणजे कॅन्सरच असतो असं नाही, बहुतेक वेळा नसतो. पण सीबीसी करायला सांगा. तुम्ही स्वतः सांगा.

शेवटचं. 2015 मध्ये आपण रक्तगटांची यादी केली होती, ती सचिवांकडे आहे. त्यातले पाच नंबर बदललेत, दोघं गाव सोडून गेलेत, आणि ओ निगेटिव्ह एकच राहिला आहे. जेवायला बसण्याआधी मंडपाच्या दाराशी थोरला वही घेऊन उभा आहे, त्याच्याकडे नाव आणि गट लिहून द्या.