खंड कोणी कोणाला द्यायचा?

(नवी मुंबईतील एका अभ्यासमंडळासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



खासगी जमिनीवर वन्य पशुपक्ष्यांचा निवारा टिकवावयाचा असेल, तर त्याचा खर्च कोणी सोसावा, या प्रश्नावर मला आज बोलावयाचे आहे. विषय वरकरणी हौशी पक्षिनिरीक्षकांचा वाटेल. वस्तुतः तो जमिनीच्या मालकीचा आणि श्रमाच्या मोबदल्याचा, म्हणजे आपल्या चळवळीचा जुनाच प्रश्न आहे. फक्त तो या वेळी रोहित पक्ष्यांच्या पंखांवर बसून आला आहे.

माझे आजोळ अलिबागच्या खारेपाटातले. आजोळची दोन एकर खारशेती होती. एका उधाणात बाहेरचा बांध फुटला. मामांनी दुरुस्तीसाठी एका कचेरीत अनेक वर्षे अर्ज केले. अर्जांच्या पोचपावत्या तेवढ्या घरात राहिल्या. भरतीचे पाणी शेतात रोज येऊ लागले, भात संपले आणि चिखलात तिवरांची रोपे उभी राहिली. आज त्या दोन एकरांत डोक्याहून उंच कांदळवन आहे. सात-बारा मामांच्या मुलांच्या नावावर आहे, शेतसारा त्यांच्याच नावाने निघतो. परंतु तेथे त्यांना कोयता चालविता येत नाही. आपल्या भागात कांदळवन राखण्याच्या करारांची चर्चा सुरू झाली, तेव्हा माझ्या मामेभावाने मला दोन प्रश्न विचारले. "दादा, पैसे किती वर्षे देणार? आणि सात-बाऱ्यावर काय लिहिणार?" अर्थशास्त्र शिकविण्यात माझे सारे आयुष्य गेले, परंतु या विषयाचे सार इतक्या थोडक्यात मांडणारे वाक्य मी वाचलेले नाही. आजचे माझे भाषण म्हणजे या दोन प्रश्नांना उत्तर देण्याचा प्रयत्न आहे.

प्रथम कायद्याची स्थिती पाहू. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली अंतरिम आदेशाने राज्यभर कांदळवनाच्या तोडीला मनाई केली आणि सप्टेंबर २०१८ मध्ये अंतिम निकाल देऊन ती कायम केली. जमीन सरकारी असो वा खासगी, तिच्यावरील कांदळवन नष्ट करता येणार नाही. तसे करणे हे नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्कावरील आक्रमण ठरेल, असा त्या निकालाचा आशय आहे. या निकालाचे स्वागत केले पाहिजे. तो नसता तर ठाण्याच्या खाडीचा काठ केव्हाच भराव टाकून विकला गेला असता. २०१५ मध्ये ठाणे खाडीत रोहित पक्ष्यांचे अभयारण्य जाहीर झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा मिळाला, त्यामागेही या न्यायालयीन लढ्याचे बळ आहे.

तथापि, मनाई म्हणजे संगोपन नव्हे. न्यायालय कोयता थांबवू शकते. पण भरतीच्या पाण्याचा मार्ग मोकळा ठेवणे, कचरा अडविणे, नव्या रोपाकडे शत्रू म्हणून न पाहणे, ही कामे शेजारी राहणाऱ्या माणसाच्या मनातून व्हावी लागतात. २०२४ च्या उन्हाळ्यात नेरूळच्या तलावात भरतीचे पाणी येण्याची वाट अडली, तलाव कोरडा पडला आणि त्याच सुमारास तेथे रोहित पक्षी मृत सापडले. तेथे कोणी झाड तोडले नव्हते. नुसते पाणी अडले, आणि तेवढे पुरेसे झाले.

शिवाय केवळ मनाईचा एक उलटा परिणाम असतो. १९७५ च्या महाराष्ट्र खासगी वने संपादन कायद्याने खासगी वने शासनाकडे आली. मोठ्या जमीनदारांच्या हातून जंगले काढून घेण्याचा हेतू योग्यच होता. पण कोकणातल्या लहान शेतकऱ्याने त्यातून निराळाच धडा घेतला. झाडे दाट झाली की जमीन हातची जाते, ही समजूत त्याच्या मनात बसली. खारेपाटातही आज तेच घडते. बांधालगत तिवराचे बोटभर रोप दिसले की ते उपटून टाकावे, कारण ते वाढले तर नकाशावर चढेल, असा विचार शेतकरी करतो. त्याला निसर्गद्वेष्टा म्हणणे सोपे आहे. मी त्याला हिशेबी म्हणेन. आणि त्याचा हिशेब बदलावयाचा असेल तर त्याला उपदेश नव्हे, मोबदला दिला पाहिजे.

आता जगात काय चालते ते पाहू. इंग्लंडमध्ये १८९५ साली नॅशनल ट्रस्ट स्थापन झाला आणि १९०७ च्या कायद्याने त्याला आपल्या जमिनी अहस्तांतरणीय म्हणून जाहीर करण्याचा अधिकार मिळाला. अमेरिकेत न्यासांनी वेगळा मार्ग काढला. मालक जमीन स्वतःकडे ठेवतो; मात्र तिच्यावर बांधकाम करण्याचा हक्क तो करारान्वये कायमचा सोडतो आणि सोडलेल्या हक्काच्या किमतीइतकी सूट त्याला प्राप्तिकरात मिळते. यामुळे विस्तीर्ण भूप्रदेश वाचला, हे खरे. पण ज्याचे उत्पन्न मोठे त्याला करसूटही मोठी. ज्याला करच भरावा लागत नाही अशा लहान शेतकऱ्याला तिचा उपयोग नाही. पुढे सट्टेबाजांनी भागीदाऱ्या करून, जमिनीच्या किमती फुगवून, करसूट लाटण्याचा धंदाच सुरू केला. शेवटी २०२२ च्या डिसेंबरात तेथील काँग्रेसला त्याला आळा घालणारा कायदा करावा लागला. कोस्टारिकाने १९९६ च्या कायद्याने तिसरा मार्ग धरला. इंधनावरील कराचा काही भाग बाजूला काढून, जंगल राखणाऱ्या जमीनमालकांना १९९७ पासून थेट पैसे दिले जाऊ लागले. येथे पैसा दात्याच्या मर्जीतून न येता करातून येतो, हा फरक महत्त्वाचा आहे.

आपल्याकडे जमीन विकत घेणारे न्यास सहजासहजी उभे राहू शकत नाहीत. कूळकायद्याच्या ६३ व्या कलमानुसार शेतकरी नसलेल्याला परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. निसर्गप्रेमी मित्र मला अधूनमधून सांगतात की, एवढी अट शिथिल करा, आम्ही सारे डोंगर वाचवितो. माझे उत्तर स्पष्ट आहे. ही अट कुळांच्या चळवळीने मिळविलेली आहे. पक्ष्यांच्या नावाने तिला खिंडार पडले तर त्यातून आधी बंगलेवाले आत येतील आणि पक्षी मागाहून. अलिबागचा किनारा पाहून आलेल्यांना हे विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही.

मग जमीन शेतकऱ्याच्याच नावावर ठेवून तिच्यावरचे वन राखता येते काय? येते. पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायरन्मेंटल रिसर्च फाउंडेशन या संस्थेने संगमेश्वर तालुक्यात खासगी रानांच्या मालकांशी संरक्षणाचे करार केले. लाकूड-व्यापाऱ्याला रान विकण्याऐवजी ते उभे ठेवण्याबद्दल मोबदला, आणि उभ्या बेहड्याच्या फळांना रास्त भाव, अशी ती योजना आहे. ज्या जुन्या बेहड्याच्या ढोलीत धनेश पक्षी घरटे करतो, ते झाड सरपणाच्या भावाने जाण्याचे टळते. याच संस्थेला २०२१ साली अ‍ॅपल या अमेरिकन कंपनीने रायगड जिल्ह्यातील सुमारे २,४०० हेक्टर कांदळवनासाठी अनुदान दिले. करारात सहभागी होणाऱ्या गावांना कांदळवन राखण्याच्या बदल्यात सातत्याने साहाय्य मिळावे, अशी त्याची कल्पना आहे. राज्याच्या कांदळवन कक्षानेही २०१७ पासून खेकडापालन, कालवेपालन अशा उद्योगांसाठी गावातील गटांना अनुदान देण्याची योजना चालविली आहे. हे प्रयत्न प्रामाणिक आहेत आणि मी त्यांचा आदर करतो.

परंतु येथेच मामेभावाचा पहिला प्रश्न उभा राहतो. पैसे किती वर्षे? जमिनीवरील बंधन कायमचे आणि अनुदान प्रकल्पाच्या मुदतीपुरते, हा सौदा विषम आहे. कंपनी आज कांदळवनात साठणाऱ्या कार्बनसाठी पैसे देते. उद्या तिचा नफा घटला किंवा तिचे लक्ष दुसऱ्या खंडातील दुसऱ्या खाडीकडे गेले, तर खारेपाटातला शेतकरी कोणाच्या दारात उभा राहणार? आपल्या २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावयास लावली, हे ठीकच. परंतु ती रक्कम कोणत्या गावात खर्चावी हे कंपनी ठरविते. दान स्वीकारण्यात कमीपणा नाही. मात्र दानाच्या पायावर हक्काची इमारत उभी राहत नाही.

या काठाच्या पलीकडे, विक्रोळीला, गोदरेज उद्योगसमूहाने आपल्या खासगी जमिनीवरील कांदळवन कित्येक दशके राखले आहे. ते काम चांगले आहे. पण ज्याच्याजवळ कारखाने आहेत त्याने खाडीकाठचा तुकडा राखणे वेगळे, आणि ज्याची सारी इस्टेट म्हणजे तो तुकडाच आहे त्याने तो राखणे वेगळे. निर्बंध दोघांवर सारखा असला तरी ओझे सारखे नसते.

मित्रहो, खारेपाटाच्या मातीत हा युक्तिवाद नवा नाही. याच भागातील चरी आणि आसपासच्या गावांतील कुळांनी १९३३ पासून १९३९ पर्यंत, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली, खोतांच्या जमिनी न कसण्याचा संप केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या पाठीशी उभे राहिले. १९३७ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कुळांचे म्हणणे एवढेच होते की, समुद्र हटवून ही जमीन आमच्या श्रमाने निर्माण झाली. मग पिकाचा मोठा वाटा खंड म्हणून खोताने का न्यावा? पुढे खोती गेली आणि कूळकायदाही आला. आज त्याच जमिनीवर, त्याच कुटुंबांच्या नुकसानीतून, एक दुसरी वस्तू पिकते. उधाणाचा जोर कमी होतो, माशांची पिले वाढतात, पक्षी उतरतात, हवेतला कार्बन चिखलात मुरतो. या पिकाचा उपभोग आपण शहरवासी घेतो. खाडीकडे तोंड असलेल्या घरांचे भाव चढतात, ती चढती किंमत बांधकाम-व्यावसायिक वसूल करतो. आणि ज्याच्या सात-बाऱ्यावर हे सारे उगवते त्याच्या पदरात काही पडत नाही. हा खंड नव्हे तर काय? फक्त खोताच्या जागी आता आपण आहोत.

नवी मुंबईकरांनी हे विसरू नये. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनी या शहरासाठी घेण्यात आल्या. रास्त मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली जे आंदोलन झाले त्यात जानेवारी १९८४ मध्ये पाच शेतकरी गोळीबारात हुतात्मे झाले. त्यानंतर कोठे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचे तत्त्व मान्य झाले. शहर वसविताना जी चूक केली, ती खाडी वाचविताना पुन्हा करावयाची काय?

म्हणून माझ्या सूचना अशा आहेत. पहिली, मोबदला वार्षिक असावा, करातून यावा आणि निर्बंध असेतोवर चालावा. पैसा नाही, ही सबब टिकणारी नाही. जंगल वळविण्याच्या भरपाईपोटी साठलेले ४७,४३६ कोटी रुपये केंद्राने २०१९ मध्ये राज्यांना वर्ग केले. रायगडमधील २,४०० हेक्टर म्हणजे सुमारे ६,००० एकर. समजा, एकरी दहा हजार रुपये वर्षाला दिले, तर सहा कोटी रुपये होतात. खाडीकाठच्या बांधकामांवरील विकास-आकारातून एवढी रक्कम उभी करणे अशक्य नाही. दुसरी, वन्यजीव संरक्षण कायद्यात २००२ च्या दुरुस्तीने आलेले ३६-क हे कलम खासगी वा सामुदायिक जमीन मालकांच्या इच्छेने 'समुदाय राखीव' म्हणून जाहीर करण्याची सोय देते. पण जमीनमालकाला दरवर्षी काही मिळेल अशी तरतूद त्या कलमात नाही. ती जोडून घ्यावी. तिसरी, मोबदल्याला प्रति कुटुंब कमाल मर्यादा असावी, नाहीतर अमेरिकेप्रमाणे येथेही मोठाच गब्बर होईल. चौथी सूचना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. कांदळवनात चिंबोऱ्या धरणाऱ्या, कालवे फोडणाऱ्या स्त्रियांच्या नावावर एक गुंठाही नसतो. केवळ सात-बारा पाहून पैसे वाटले तर त्या पुन्हा वगळल्या जातील. मोबदल्याचा निश्चित हिस्सा ग्रामसभेमार्फत त्यांच्याकडे गेला पाहिजे आणि त्यांचा वहिवाटीचा हक्क करारात लेखी असला पाहिजे.

एक आक्षेप येईल. जे तोडणे गुन्हा आहे, ते न तोडण्याबद्दल पैसे का द्यावेत? पैसे न तोडण्याबद्दल नाहीत; राखण्याबद्दल आहेत. आणि सार्वजनिक हितासाठी एका लहान माणसाच्या मिळकतीवर बोजा टाकला तर तो बोजा सर्वांनी वाटून घ्यावा, हे समाजवादाचे प्राथमिक तत्त्व आहे. पक्ष्यांसाठी आपण त्याला अपवाद करू लागलो, तर पक्षीही वाचणार नाहीत.

राहिला मामेभावाचा दुसरा प्रश्न. सात-बाऱ्यावर काय लिहिणार? मालकाचे नाव तेच राहावे. इतर हक्कांच्या रकान्यात निर्बंध लिहिला जातो, त्याच्याच शेजारी मोबदल्याचा हक्कही लिहिला जावा आणि तो वारसांना मिळावा. एक नोंद दुसरीवाचून होता कामा नये. तलाठ्याच्या दप्तरात एवढी एक ओळ चढविण्यासाठी आपल्याला मोर्चे काढावे लागतील, निवेदने द्यावी लागतील, आणि खारेपाटातल्या शेतकऱ्याला व खाडीतल्या कोळणीला पर्यावरणवाद्यांच्या शेजारी बसवावे लागेल. हे काम कार्यकर्त्यांनी हाती घ्यावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.